येडगाळू

आमच्या ऑफिसला चढायला बावीस पायऱ्या होत्या आणि ऑफिस होतं अपंगांचं. ही अक्कल कुणाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बेळगावात खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही. पोलिओ झालेल्या पोरांना लोखंडी पट्ट्यांचे बूट, थोट्यांना दाखले, आंधळ्यांना बसचा पास आणि ज्या पोरांची ऑपरेशनं व्हायची त्यांची यादी करून सरकारी दवाखान्याला पाठवणं, एवढी आमची कामं. ज्याचा पाय गेलाय त्यानं पायासाठी अर्ज करायला बावीस पायऱ्या चढून यायचं, आणि आला की आमच्या आधीच्या साहेबांनी त्याला विचारायचं, "चढून आलास की बाबा, मग तुला त्रास कसला?"

अण्णा तिथले हेडक्लार्क. त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नसतं, कारण ते स्वतःच कुणाला नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी निपाणीची म्हणून मी निपाणी. शिपाई हुक्केरीचा, म्हणून तो हुक्केरी. अर्जदार आला की, "या बोरगाव, बसा," नाहीतर, "खानापूर, फोटो आणलायसा न्हवं?" म्हणायचे, "नावाचं काय, लग्नात बदलतंय, कोर्टात बदलतंय. गाव बदलत न्हाय." आमच्या भागात गाव जागच्या जागी राहून राज्य बदललं होतं, त्यामुळं यावर कुणाला बोलता येत नसे.

हेडक्लार्कनं कामाच्या वेळेत टेबल सोडू नये, असा लेखी हुकूम होता. अण्णा हुकूम मोडणाऱ्यातले नव्हते. रोज अकरा वाजता ते टेबलाचा खण सगळाच्या सगळा ओढून बाहेर काढायचे, छातीशी धरून बावीस पायऱ्या उतरायचे आणि सगळ्यात खालच्या पायरीवर खण मांडीवर घेऊन बसायचे. खणात रजिस्टर, शिक्का, शाईचं पॅड, टाचण्या. कुबड्यावाले, रांगणारे, पाठीवर बसून आलेले, सगळे तिथंच बोळात. एकदा वरचे कुणी अधिकारी तपासणीला आले आणि बोळातच अडकले. "टेबल का सोडलंत?" म्हणाले. अण्णांनी मांडीवरचा खण दाखवला. "टेबल हितंच हाय, साहेब. वर नुसतं लाकूड ऱ्हायलंय." साहेबांनी टिपण केलं आणि बावीस पायऱ्या चढून वरचं लाकूड तपासलं.

बोलण्याचीही त्यांची एक तऱ्हा. पायरीवर ज्याची त्याची भाषा, पण वर टेबलाशी समोरचा मराठी असला की अण्णा कन्नडमध्ये बोलणार आणि कन्नड असला की मराठीत. त्यापायी दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या. एकदा तर एकाच आठवड्यात दोन्हीकडून तक्रारअर्ज आले. अण्णांनी दोन्ही एकाच टाचणीनं एकाच फाइलला लावले. मी विचारलं, असं का करता? म्हणाले, "आपल्या भाषेत माणूस ऐकत न्हाय, भांडतोय. दुसऱ्याच्या भाषेत बिचारा नीट ऐकून घेतोय." माझ्याशी मात्र ते मराठीतच बोलायचे. मला वाटायचं, आपल्यावर मर्जी आहे.

बोरगावचा एक माणूस यायचा. गुऱ्हाळावर चरकात हात गेलेला, डावा, कोपरापासून. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. आमच्या खात्यात हात नसलेल्यालाही आरसा लागायचा. दाखला दर वर्षी नवा करून घ्यायचा, म्हणजे दर वर्षी त्यानं येऊन दाखवायचं की हात अजून परत आलेला नाही.

"बोरगाव, गेल्या वर्षीपासनं काय फरक?"

"न्हाय जी. अजून कोंब फुटला न्हाय."

अण्णा गंभीर तोंडानं रकान्यात लिहायचे, फरक नाही. त्याच अर्जाच्या तळाला छापलेलं होतं, अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा. आता बोरगावनं तो कुठून आणायचा? आधीच्या क्लार्कनं तीन वर्षं त्याचा अर्ज 'अंगठा नाही' एवढा शेरा मारून परत पाठवला होता. अण्णांनी त्याला पायरीवर बसवला, पायताण काढायला लावलं, डाव्या पायाचा अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उठवला. खाली लिहिलं, 'अर्जदाराच्या डाव्या बाजूचा उपलब्ध अंगठा.' अर्ज बेंगळुरूला गेला आणि मंजूर होऊन आला. वर सहा महिन्यांनी तिकडून परिपत्रक आलं, की डावा हात नसलेल्यांच्या बाबतीत डाव्या पायाचा अंगठा घेण्याची दक्षता घ्यावी.

"नियम मोडायचा नस्तोय, निपाणी," अण्णा मला म्हणाले. "त्याच्या पोटात शिरायचं. आत लई जागा असती."

एवढं ऐकून अण्णा म्हणजे देवमाणूस असं कुणाला वाटेल. कशाचा देवमाणूस. कागदाच्या बाबतीत माणूस कारल्याहून कडू. 'मजकूर वाचून सही केली' असं अर्जात छापलंय म्हणून एका आंधळ्या म्हाताऱ्याला ते अर्ज वाचायला सांगत होते. म्हातारा म्हणाला, मला दिसत असतं तर मी आलो असतो कशाला? मग अण्णांनी अख्खा अर्ज मोठ्यानं वाचला, म्हाताऱ्याकडून ओळ न् ओळ मागं म्हणून घेतली आणि मगच 'वाचला' म्हणून मान्य केलं. पाऊण तास. मागं रांग बोळाच्या तोंडापर्यंत गेलेली. "हजर माणूस हा पुरावा न्हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि कुणी फारच काकुळतीला आलं की दुसरं, "पाय नसला तर चालतंय, कागद नसला तर चालत न्हाय." मला त्यांचा इतका राग यायचा की घरी जाऊन आईपुढं त्यांची नक्कल करायची मी.

आणि सगळ्यात वर रजिस्टर. मोठं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात खोडायचं नाही, गिरवायचं नाही, वर-खाली घुसडायचं नाही. हा नियम सरकारचा, पण अण्णांनी तो जानव्यासारखा पाळला. "माणूस चुकतोय," म्हणायचे, "रजिस्टर चुकत न्हाय. रजिस्टरात आलं की मग माणसानं तसं व्हायचं."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत झाडणं-चाळणं करायची. वडील नव्हते. पाठीवर दोन भाऊ शाळेत. आमच्या गल्लीत सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिलीच. नोकरीच्या अर्जात 'कन्नड येते का' असा रकाना होता. मी बिनदिक्कत लिहिलं, येते. मला येत होतं ते बाजारापुरतं. येष्टु, बेडा, बा, होगु, म्हणजे किती, नको, ये, जा, आणि वीसपर्यंत आकडे. अक्षर तर एक वाचता येत नव्हतं. वर्षाच्या आत कन्नडची परीक्षा पास व्हायची अट होती, नाहीतर घरी. मी मनाशी म्हणत होते, होईल तोवर काहीतरी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे कळण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

अशात खानापूरच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. डॉक्टर मैसूरकडचे, अण्णा पलीकडच्या टेबलाला पोरांच्या पायांची मापं घेत होते, आणि डॉक्टर सांगतील ते कच्च्या कागदावर लिहून घ्यायला मी. दीडएकशे पोरं. जेवणापर्यंत डॉक्टर इंग्रजीत सांगत होते, ते मला जमलं. जेवण झाल्यावर ते कन्नडवर आले, आणि मी पोरांच्या हातापायांकडं बघून अंदाजानं लिहायला लागले.

गुंजीची एक पोरगी होती, नऊ वर्षांची, शेवंता. आईनं तिला कडेवरून उतरवून थेट बाकावर बसवलं होतं आणि परकर पार पावलांपर्यंत ओढला होता, त्यामुळं मला तिचा पाय काही दिसला नाही. डॉक्टरांनी परकर बाजूला करून गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा मी आधीच्या पोराचं लिहीत होते. वर बघितलं तर पोरगी डॉक्टरांना जीभ काढून दाखवत होती. डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, "यडगालु."

मी ऐकलं, येडगाळू. आमच्या गल्लीत अर्धवट माणसाला येडगाळूच म्हणत. मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटलं, मैसूरचा माणूस आणि बोलतोय बघा कसं निपाणीचं. आणि पोरीची जीभ अजून बाहेरच होती. मी लिहिलं, वेडसर.

यड म्हणजे डावा आणि कालु म्हणजे पाय, हे बेळगावच्या भाजीवालीलाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

संध्याकाळी अण्णांनी माझ्या कच्च्या कागदावरून पक्क्या रजिस्टरात कन्नडमध्ये उतरवून घेतलं. दीडशे नावं, माझ्या अक्षरात, मराठीत. एक शब्द ते विचारायला थांबले नाहीत. 'वेडसर'चं त्यांनी चांगलं भारदस्त कन्नड केलं, बुद्धिभ्रमणे, आणि खाली सही ठोकली. ऑपरेशनच्या यादीत शेवंताचं नाव गेलं नाही. ते गेलं दुसऱ्या यादीत.

महिन्याभरानं गुंजीला सरकारी पत्र गेलं, की आपल्या मुलीस सोबत खंबीर माणूस देऊन धारवाडला हजर करावे. आमच्याकडे धारवाडला न्या म्हटलं की लहान पोरालाही कळतं, वेड्यांच्या दवाखान्यात. पत्र गुंजीच्या स्टेशनात चारचौघांत वाचून दाखवलं गेलं. दोन दिवसांत शाळेतली पोरं शेवंताला दगड मारून येडी येडी करायला लागली.

बुधवारी सकाळी तिची आई पोरीला कडेवर घेऊन बोळात आली. नऊ वर्षांची पोरगी कडेवर. अण्णा पायरीवर खण घेऊन बसले होते, मी शेजारी उभी होते.

"कुणी लिवलं हे?" तिनं पत्र अण्णांच्या रजिस्टरवर टाकलं. "माझी पोर येडी म्हणून कुणी लिवलं? हिचं डोस्कं तुमच्या सगळ्यांपेक्षा बरं हाय. हिची टाच टेकत न्हाय, टाच. डाक्टर म्हणालता, ह्या वर्षी कापून सोडवली तर टेकंल, एक वर्ष गेलं की हाड धरंल, मग देव आला तरी न्हाय. तो हाडाचा डाक्टर आठ दिसांसाठी येणार हाय न्हवं? मग माझ्या पोरीचं नाव कुठं हाय?"

अण्णांनी पोरीला पायरीपुढं उतरवायला सांगितलं. ती डाव्या गुडघ्यावर हात दाबून चार पावलं चालली. टाच अधांतरी, सगळा भार बोटांवर, आणि प्रत्येक पावलाला अंग कंबरेतून वाकत होतं. अण्णा हुक्केरीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. त्यात एक शब्द होता, यडगालु.

मी पोरीच्या पायाकडं बघितलं. अण्णांनी खणातून शिबिराचा कच्चा कागद काढला, माझं अक्षर बघितलं, कागदाची घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हाडाचे सर्जन सोमवारी येणार होते आणि त्यांची यादी शनिवारी दुपारी बाराला बंद होत होती. एवढाच वेळ होता. शिबिराचे डॉक्टर तोवर गुलबर्ग्याकडे गेलेले, त्यांना पत्र लिहून उत्तर यायला महिना. दुसरं कुणी असतं तर रजिस्टरात एक रेघ मारून मोकळं झालं असतं. अण्णांनी नियमावली उघडली. वेडाच्या यादीतून नाव तीनच वाटांनी बाहेर पडायचं. मयत, बदली आणि बरा. मयत आणि बदली जमण्यासारखं नव्हतं, म्हणून अण्णांनी तिला बरी करायचं ठरवलं. छापील प्रश्नावली होती. तिथंच पायरीवर परीक्षा सुरू झाली.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"आत्ता तू कुठं हाईस?"

"जिन्यात."

"विसातनं सात गेले?"

"तेरा."

"तुला कुणी मुद्दाम तरास देतंय असं वाटतंय का?"

"व्हय."

"कोण?"

"तुम्ही."

अण्णांनी लिहिलं, उत्तर बरोबर. प्रश्न संपल्यावर पोरगी म्हणाली, "आता मी इचारू? पाय माझा वाकडा आणि तुमी लिवलं डोस्कं. मग येडं कोण?" हुक्केरी तोंड फिरवून हसला. अण्णांनी तेही लिहून घेतलं, 'तर्कशक्ती उत्तम.'

पण प्रश्नावलीच्या मागच्या बाजूला अट होती. बरा झालेल्यास सहा महिने देखरेखीखाली ठेवून मगच नाव कमी करावे.

"सा महिन्यानं तो हाडाचा डाक्टर ऱ्हाणार हाय व्हय?" आईनं विचारलं.

"न्हाय. पुढच्या वर्षी येईल."

"मग हाड थांबंल व्हय सा महिनं? त्याला तुमची नोटीस देणार हायसा?"

सरकारी काम आणि सहा महिने थांब हे मी जन्मभर ऐकत आले होते, पण त्यात कुणाची तरी टाच असते हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अण्णांनी नियमावली पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली.

गुरुवारी त्यांना वाट सापडली. नोंद ऐकून घेताना चूक झाली असेल तर ज्यानं ऐकून घेतली त्यानं आपण चुकीचं का ऐकलं याचं कारण लेखी द्यावं, आणि साहेबांनी त्याच दिवशी लाल शाईनं नवी नोंद करावी. हे त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि नियमावली मिटली.

ज्यानं ऐकून घेतली ती मी. कारण एकच, मला कन्नड येत नाही. ते लेखी दिलं की शेवंताचं नाव यादीत आणि माझं नाव बाहेर. मी रात्रभर आईकडे, भावांकडे बघत पडले होते असं काही नाही, मी बेळगावात खोलीवर होते आणि मला झोपही लागली, याची मला अजून लाज वाटते. शुक्रवारी संध्याकाळी मी अण्णांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"अण्णा, तो शब्द..."

"निपाणी, टाचण्या संपल्यात. जा, आण जा."

टाचण्या घेऊन आले. "अण्णा, शिबिरात त्या दिवशी मी..."

"ह्या बारक्या हाईत. मोठ्या आण."

मोठ्या घेऊन आले तोवर अण्णा घरी गेले होते. मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार हलकं वाटलं.

शनिवारी शेवंता आणि तिची आई ऑफिस उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलेल्या. अण्णा त्या दिवशी खण घेऊन खाली गेले नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी कन्नडमध्ये एक कागद लिहिला, चांगला पानभर, आणि माझ्यापुढं धरला. "शिक्का मार."

"काय हाय यात?"

"शिक्का मार म्हटलं की."

मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी शिक्का मारला. अण्णा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि हुक्केरी नेहमीप्रमाणं दाराला चिकटून उभा राहिला. अर्ध्या तासानं तोच मला सांगायला आला, कारण हसू की रडू ते त्याला कळत नव्हतं.

कागदात अण्णांनी लिहिलं होतं की शिबिरात नोंद त्यांनी स्वतः ऐकून घेतली. आणि कारण, आपणास दोन्ही कानांनी कमी ऐकू येते, हे आपण आजवर खात्यापासून लपवून ठेवले, याबद्दल दिलगीर आहे.

साहेब म्हणाले होते, "अण्णा, चेष्टा करताय काय? वरच्या मजल्यावर बसून खालच्या कापडवाल्याचा सौदा ऐकू येतो तुम्हाला."

"काय म्हणालासा?" अण्णा म्हणाले.

"म्हटलं, बत्तीस वर्षांत कधी बोलला नाहीत ते?"

"जरा मोठ्यानं बोला, साहेब."

साहेब तिसऱ्यांदा ओरडले आणि दमून सही केली. पावणेबाराला हुक्केरी सायकलवरून सुधारलेली यादी घेऊन दवाखान्याकडे सुटला. मंगळवारी शेवंताचं ऑपरेशन झालं.

आमच्या खात्यात बहिऱ्याला कानाचं यंत्र मिळायला तीन वर्षं लागायची. अण्णांच्या बहिरेपणाची दखल मात्र पंधरा दिवसांत घेतली गेली. येत्या जूनमध्ये ते सुपरिंटेंडेंट व्हायचे होते. हुकूम आला की ऐकण्यातील दोषामुळे सदर कर्मचारी लोकांशी संपर्काच्या कामास व बढतीस अपात्र असून त्यास जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवावे. त्यांच्या हाताखाली शिकलेला, दाखला आणि दाखल्याची नक्कल यातला फरक न कळणारा एक जण सुपरिंटेंडेंट झाला. जिन्यातलं काम माझ्याकडे आलं. टेबलाचा खण जड असतो, हे तेव्हा मला कळलं.

कुणालाही वाटेल, एकदा यादी गेली की माणसाला हळूहळू ऐकू यायला लागेल. अण्णा तसले नव्हते. रजिस्टरात बहिरा म्हणून आलं होतं, मग तसं व्हायलाच पाहिजे. दहा ते साडेपाच अण्णा बहिरे. फोन वाजून वाजून थकायचा, अण्णा शेजारी बसून दप्तरांवरची धूळ झटकायचे. नवे सुपरिंटेंडेंट कानाशी येऊन ओरडायचे आणि अण्णा म्हणायचे, लिहून द्या. लिहून दिलं की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवून परत पाठवायचे. साडेपाचला मस्टरवर सही केली की खालच्या चहाच्या दुकानात चार बाकांपलीकडचं कुजबुजणंही त्यांना ऐकू यायचं, आणि ते त्यात तोंडही घालायचे.

वर्षभरानं दाखला नवा करायला अण्णा स्वतः जिन्यात रांगेत उभे राहिले. कुबडीवाल्यांच्या मागं, उशीर झाला तरी पुढं न येता. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही कशाला, मी वर आणून देते." त्यांना ऐकू आलं नाही. पाळी आल्यावर त्यांनी अर्ज, दोन फोटो आणि डॉक्टरचा कागद पुढं ठेवला. फोटो अर्ध्या तोंडाचे होते, कान नीट दिसावा म्हणून. मी कागदावर लिहून विचारलं, गेल्या वर्षीपासून काय फरक? त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "न्हाय." मी लिहिलं, फरक नाही.

त्याच उन्हाळ्यात शेवंता आली. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, टाच जमिनीवर, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेला एक लहानसा फणस. गुडघ्यावर दाबायला हातच मोकळा नव्हता आणि लागतही नव्हता. बूट खाडखाड वाजवत ती बावीस पायऱ्या चढली, मागून आई ओरडत होती, "सावकाश गं, पडशील." दप्तराच्या खोलीत जाऊन तिनं फणस अण्णांच्या टेबलावर ठेवला. दुपारचे तीन वाजले होते. ती काय काय बोलली, शाळेचं, गाडीचं, पोरं आता येडी म्हणत नाहीत त्याचं, आणि अण्णा धूळ झटकत राहिले. ती जायला निघाली तेव्हा मात्र झटकणं थांबलं, आणि जिन्यातला खाडखाड आवाज पार बोळात जाईपर्यंत अण्णा तसेच बसून होते.

मी कन्नडच्या परीक्षेला दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा, वर्षाची मुदत संपता संपता, पास. शिकवलं अण्णांनीच, साडेपाचनंतर, चहाच्या दुकानात. पहिल्याच दिवशी त्यांनी उजवा-डावा सोडून सगळे शब्द घेतले. ते दोन मी माझी मीच शिकले.

दोन वर्षांनी अण्णा रिटायर झाले. निरोपाला साहेबांनी हार घातला, एक भाषण केलं, त्यात अण्णांनी व्यंगावर मात करून सेवा केली असं सांगितलं, आणि अण्णा दिवसभर कुणाचं काही ऐकू न येता बसून राहिले. साडेपाचला त्यांनी मस्टरवर शेवटची सही केली. आम्ही दोघं खाली चहाला गेलो. शनिवार होता, मला निपाणीची गाडी पकडायची होती.

त्यांनी चहा बशीत ओतला. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्यांच्याकडूनच शिकलेल्या कन्नडमध्ये म्हटलं, "अण्णा, तप्पु नंदु." चूक माझी होती.

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणालीस?"

मी मराठीत म्हटलं, "त्या पोरीचं मी चुकीचं ऐकलं. मला कन्नड येत नव्हतं. तुमची बढती माझ्यामुळं गेली."

"जरा मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्यानं की कढईपुढचा माणूस वळून बघायला लागला. मला रडू यायला लागलं होतं.

"न्हाय गं, ऐकू येत न्हाय," अण्णा म्हणाले. "चहा पी, निवतोय."

तेवढ्यात पार भिंतीकडच्या बाकावर एका म्हातारीनं शेजारच्या बाईला हळू आवाजात विचारलं, निपाणीची गाडी गेली का? अण्णांनी बशी खाली ठेवली आणि तिकडं वळून म्हणाले, "न्हाय, आक्का. सुटायची हाय अजून. ह्या पोरीबरोबर जावा, ही तिकडंच निघालीय."